जुन्या गाडीचं दुखणं कोण ओळखेल? बेळगाव सीमाभागातल्या गाडीमालकांसाठी

जुनी गाडी कुरकुर करायला लागली की बरेच जण आधी पार्टच्या दुकानाची पायरी चढतात आणि मिस्त्रीकडे मागाहून जातात. सेल्फ ओढत नाही म्हणून नवी बॅटरी घेतली जाते, तरी ओढेना म्हणून सेल्फ खोलला जातो, मग अल्टरनेटरवर संशय येतो. आणि शेवटी इंजिनापासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून सुटायला आलेली सापडते. त्या पट्टीची किंमत बॅटरीच्या पासंगालाही पुरत नाही. वीस-पंचवीस वर्षांची सुमो असो, कमांडर असो, कार्ब्युरेटरची मारुती 800 असो की 407 टेम्पो, तिच्यावरचा मोठा खर्च होतो तो असे अंदाजाने पार्ट बदलण्यात. म्हणून निदान हे वेगळं काम समजा, त्याचे पैसे वेगळे द्या आणि ज्याला ते येतं त्याच्याकडेच गाडी न्या. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात अशी माणसं आहेत. कोणत्या दुखण्याला कोणता माणूस, एवढं कळलं पाहिजे.

गॅरेजला जाण्याआधी

"गाडी बरोबर चालत नाही" एवढंच सांगितलं तर मिस्त्री अंदाजच करणार. एका कागदावर लिहून न्या: बिघाड गार इंजिनात येतो की तापल्यावर, सुरू केल्यापासून किती किलोमीटरवर, कोणत्या गिअरमध्ये, किती वेगाला, चढावर की सपाटीला, रिकाम्या गाडीत की माल भरल्यावर, पावसात की कोरड्यात. खाली गेल्या सहा महिन्यांत गाडीवर काय काय काम झालं ते तारखेसकट लिहा. ही शेवटची यादी सगळ्यांत मोलाची, कारण जुन्या गाडीतले कितीतरी बिघाड आधीच्या कामातूनच येतात. डिझेल फिल्टर बदलताना तांब्याचा वॉशर जुनाच लावलेला असतो, हेड उतरवून बसवताना एखादी अर्थिंगची वायर जोडायची राहिलेली असते, गिअरबॉक्स काढताना मागचं माउंटिंग सैल सुटलेलं असतं.

धुराचा रंग सगळेच बघतात. तो नेमका केव्हा येतो हेही टिपून ठेवा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, म्हणजे आधी एअर फिल्टर, मग नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारा भाग) आणि पंप. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सुरू करताना एक भपकारा येऊन थांबत असेल, किंवा लांब उतार उतरून पुन्हा रेस केल्यावर येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत. चढावर रेस धरली की सतत निळा धूर येत असेल तर रिंगांकडे बघायला हवं. सील बदलण्याचं काम आणि रिंगांचं काम यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून धुराची वेळ सांगणं इतकं महत्त्वाचं. पांढऱ्या धुराचे दोन प्रकार. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर गार हवेत येतो. तिथे हीटर प्लग, पंपाचं टायमिंग किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन तपासावं. इंजिन पूर्ण तापल्यावरही गोडसर वासाची पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत गेलं, तर हेडचं पॅकिंग.

गळती शोधायला रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा सरकवा आणि पुढच्या दोन्ही चाकांची जागा त्यावर पेनाने आखून ठेवा. सकाळी तोच पुठ्ठा घेऊन मिस्त्रीकडे जा. डाग चाकांपासून किती अंतरावर पडलाय हे दिसलं की ऑइल पुढच्या सीलमधून येतंय की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून, हे गाडीखाली न शिरता बरंचसं कळतं. काळा पातळ डाग इंजिन ऑइलचा, गंधकासारख्या उग्र वासाचा दाट डाग गिअर ऑइलचा. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर, रंग खाणारं द्रव दिसलं तर ते ब्रेक ऑइल आहे. ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका.

सकाळी गार असताना येणारा दोष गार इंजिनातच दिसतो. खानापूरहून बेळगावला चालवत आणलेली गाडी तिथे पोहोचते तोवर शहाणी झालेली असते. अशी गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजात सोडा आणि सकाळी कुणी सुरू करायच्या आत तुम्ही हजर राहा. ते जमत नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या: आधी सायलेन्सरकडून, मग बॉनेट उघडून, सेल्फ मारण्याच्या आधीपासून पुढची दोन मिनिटं, मध्ये न थांबवता. आवाजासाठी मोबाइल इंजिनाला अगदी चिकटवू नका. हातभर लांब धरला की टॅपेटची टकटक आणि बेअरिंगचा ठोका वेगळे ऐकू येतात.

आरसीवरचा इंजिन नंबर, चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष कागदावर लिहून ठेवा. डिझेल गाडी असेल तर पंपावरच्या पत्र्याच्या पट्टीचा फोटो काढा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पंप, अल्टरनेटर, क्लच प्लेट बदललेली असते, आणि "सुमोचं द्या" म्हणून आणलेला पार्ट बसत नाही तेव्हा दिवस वाया जातो.

कोणत्या दुखण्याला कोणता माणूस

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून जुन्या गाडीच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नका. तिथली तरुण मुलं नव्या गाड्यांवर तयार झालेली असतात. मारुती 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं आणि तिच्या कार्ब्युरेटरवर हात बसलेली पिढी आता स्वतःच्या गॅरेजात किंवा घरी आहे. पण दोन गोष्टींसाठी सर्व्हिस सेंटरला जरूर जा. एक, चासी नंबरावरून पार्टचा नेमका नंबर काढून घ्यायला. आणि दुसरी, तिथल्या जुन्या वर्क्स मॅनेजरला किंवा स्टोअरवाल्याला विचारायला की आमच्या मॉडेलवर काम केलेला, इथून निवृत्त झालेला किंवा बाहेर पडलेला कोण आहे. हे उत्तर सहसा प्रामाणिक मिळतं, कारण ती गाडी त्यांनाही नको असते.

डिझेल पंप आणि नोझल हे पंपवाल्याचंच काम. साध्या गॅरेजवाल्याला पंप खोलू देऊ नका. आपल्याकडे अजूनही "मिकोचा पंप" म्हणतात. बेंगळुरूच्या त्या कंपनीचं नाव 2008 मध्ये बदलून बॉश झालं, पण जुन्या पंपांचं काम करणारी दुकानं तीच आहेत. दुकानात कॅलिब्रेशनचा बेंच आहे का ते डोळ्यांनी बघा. पंप बेंचवर चढवून प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातंय ते काचेच्या नळ्यांत मोजलं जातं. त्या मापाचा कागद मागून घ्या.

सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंगसाठी ऑटो इलेक्ट्रिशियन. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट या कामांना बेळगावचं उद्यमबाग उत्तम. फाउंड्री आणि मशीन शॉपची ती जुनी वसाहत आहे आणि शंभरावा भाग मिलिमीटरमध्ये बोलणारी माणसं तिथे भेटतात. ट्रक-टेम्पोच्या जड कामांसाठी ऑटोनगर. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांपासूनची परंपरा असल्याने जुन्या इंजिनाचा न मिळणारा पार्ट बनवून देणारा लेथवाला तिथे सापडू शकतो. बैलहोंगल, कित्तूर भागातल्यांना हुबळी सोयीची.

आणखी दोन ठिकाणी लोक क्वचितच चौकशी करतात. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, आजूबाजूच्या गावांत माजी सैनिक भरपूर. त्यांतले ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त झालेले कारागीर जीप आणि जिप्सीवर वर्षानुवर्षं काम केलेले असतात, आणि त्यांना पुस्तकातल्या क्रमाने दोष शोधायची शिस्त लागलेली असते. गावच्या माजी सैनिक संघटनेत विचारा. तसंच वायव्य कर्नाटक परिवहनच्या डेपोतले निवृत्त मेकॅनिक आणि साखर कारखान्यांच्या वाहन विभागातले जुने हेड मिस्त्री. ही माणसं रोज गॅरेज चालवत नसतील, पण तासभर येऊन गाडी बघून "अमुक ठिकाणी दोष आहे, अमुककडे ने" एवढं सांगतील. त्या तासाचे पैसे न मागताही द्या.

इथल्या गॅरेजात मराठी, कन्नड आणि दखनी हिंदी एकमेकांत मिसळलेल्या असतात. गोकाक किंवा हुबळीकडे गाडी नेली तर चार कन्नड शब्दांनी काम सोपं होतं: धूर म्हणजे होगे, काळा धूर कप्पु होगे, पांढरा बिळी होगे, तेल म्हणजे एण्णे, पाणी म्हणजे नीरु. गाडी गरम होते हे "बिसी आगतैती" म्हटलं की लगेच पोहोचतं.

जाणकार ओळखायचा कसा

चांगला मिस्त्री आधी प्रश्न विचारतो आणि पाना नंतर उचलतो. गार असताना काय होतं, मागचं काम कोणी केलं, ऑइल किती किलोमीटरला घालावं लागतं, असं तो विचारतो. मग तो तुमच्या शेजारी बसून गाडी फिरवून आणतो. चढावरचा दोष सपाट रस्त्यावर दिसत नाही, म्हणून बेळगावातून वंटमुरीचा घाट आणि निपाणीतून तवंदीचा घाट चढून बघायला तो तयार असतो.

त्याच्याकडे मापाची साधनं असतात आणि ती धूळ खात पडलेली नसतात: कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर, फीलर गेज, टायमिंग लाइट. "इंजिनाचं काम करावं लागेल" असं म्हणणाऱ्याला एकच विचारा: कॉम्प्रेशन किती आलं? आकडा सांगता येत नसेल तर इंजिन खोलायला संमती देऊ नका.

कॉम्प्रेशन मोजायची रीतही ठाऊक असू द्या. इंजिन तापलेलं, बॅटरी भरलेली, सगळे प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडवलेली, पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे सारखेच फेरे, पाच-सहा. त्या काळच्या पेट्रोल इंजिनात साधारण 150 ते 180 पौंड (पीएसआय) दाब येतो. नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तकातून बघावा, पण सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो: एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा 15 टक्क्यांहून कमी असेल तर दोष तिथे. त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजलं आणि आकडा चढला, तर रिंगा किंवा बोअर. चढला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर पॅकिंग त्या दोघांच्या मधेच फुटलेलं असण्याचा संभव दाट. डिझेल इंजिनात दाब दुपटीहून अधिक असतो, त्यामुळे पेट्रोलचा गेज तिथे लावायचा नाही, आणि ऑइल घालून बघायची युक्तीही डिझेलला करायची नाही. आत जागा इतकी कमी असते की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

स्कॅनरचा आग्रह धरू नका. भारतात ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवून स्कॅनरला सांगायच्या व्यवस्थेची, सक्ती 2010 पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या गाडीला तसं सॉकेट दिसलं तरी बाजारात मिळणारं स्वस्त ब्लूटूथ यंत्र तिथे बऱ्याचदा काहीच वाचत नाही, आणि मग "कॉम्प्युटर खराब आहे" असा भलताच निष्कर्ष निघतो. त्या काळच्या कित्येक एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्यांत ठराविक दोन पिन जोडून डॅशबोर्डवरच्या दिव्याच्या लुकलुकीतून कोड वाचता येतो. ही रीत ज्याला येते तो त्या गाड्यांवर खरंच काम केलेला आहे.

बॅटरी बदलण्याआधी चार मापं

ही मापं तुम्ही स्वतः घरी घेऊ शकता. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. रात्रभर विसावलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, 12.2 च्या आसपास निम्मी, 12 च्या खाली रिकामीच समजा. सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 च्या दरम्यान यायला हवं. कमी आलं तर चार्जिंग नाही, 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरी उकळवतोय.

चौथं माप कुणी घेतच नाही आणि इथल्या पावसात तेच सगळ्यांत उपयोगी. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनस खांबावर टेकवा. क्लॅम्पवर नको, थेट शिशाच्या खांबावर. दुसरी सुई इंजिन ब्लॉकच्या रंग नसलेल्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.2-0.3 व्होल्टपर्यंत राहिला तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वीज गंजात अडकतेय. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात वावरणाऱ्या गाड्यांच्या पट्टीखाली बाहेरून न दिसणारा गंज साचतो. बोल्ट सोडा, तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, परत आवळा आणि वरून ग्रीस लावा.

डिझेल गाडी सकाळी सुरू होऊन बंद पडते तेव्हा

रात्रभर उभी गाडी एका सेल्फला सुरू होते, दहा-पंधरा सेकंद चालते, गचके देते आणि बंद. हँड प्राइमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) दाबला की पुन्हा चालते, मग दिवसभर तक्रार नाही. यावर "पंप गेला" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. बहुतेक वेळा लाइनमध्ये हवा धरलेली असते. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतची) नळी ओढीखाली असते, त्यामुळे तिथल्या चिरेतून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं. बाहेर थेंब दिसत नाही म्हणून दोष लपून राहतो.

तपासायचं असं. फिल्टर आणि पंप यांच्या मधली नळी काढून तिथे वीतभर लांबीची पारदर्शक नळी क्लिप लावून बसवा. इंजिन सुरू करून तिच्याकडे बघत राहा. डिझेल स्वच्छ, अखंड वाहिलं पाहिजे. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येताना दिसले तर हवा पंपाच्या आधीच शिरतेय, म्हणजे पंपाला हात लावायची गरज नाही. आता टाकीकडून येणारी नळी फीड पंपावरून सोडवा, तिच्या जागी दुसरी चांगली नळी लावा आणि तिचं टोक पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमधल्या डिझेलमध्ये बुडवा. बुडबुडे थांबले तर दोष टाकीपासून इथवरच्या नळीत: चिरलेला रबर, चासीला घासून भोक पडलेली पत्र्याची नळी, किंवा टाकीतला गंजलेला पिकअप पाइप. बुडबुडे चालूच राहिले तर फीड पंप, प्राइमरचं सील किंवा फिल्टरच्या डोक्यावरचे तांब्याचे वॉशर. तांब्याचा वॉशर एकदा दाबला की बसतो. तो प्रत्येक वेळी नवाच हवा, निदान लाल होईपर्यंत तापवून मऊ केलेला.

कोणता सिलिंडर मिसिंग करतोय ते शोधायला जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात मिस्त्री स्लोवर (रेस न देता) एकेका नोझल पाइपचा नट जरासा सैल करतो. नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर कामात आहे. काहीच फरक पडला नाही तर तोच आजारी. डोळ्यांवर चष्मा हवा आणि बोट फवाऱ्यासमोर कधीही आणायचं नाही, कारण दाबाखालचं डिझेल कातडीत शिरतं आणि ती थेट इस्पितळात न्यायची जखम असते. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या नोझलना एकाच सामायिक नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या) ही युक्ती अजिबात करू देऊ नका. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो. नट सैल करायला निघालेल्या माणसाला गाडी यांत्रिक पंपाची आहे की कॉमन रेलची हे माहीत आहे ना, ते विचारून घ्या.

गरम होणारी गाडी

अथणी, रायबाग, चिक्कोडीकडे बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं घातलं जातं. त्याचा क्षार नळ्यांत धरतो आणि चोरल्याचा किंवा आंबोलीचा घाट चढताना काटा लाल रेषेला टेकतो. तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा असावा. फॅन बेल्टचा ताण बघा. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल, पाचट, किडे आतल्या बाजूने हलक्या पाण्याने काढा. मग कॅपचं रबर आणि स्प्रिंग बघा, कारण ढिल्या कॅपमुळे दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. इंजिन तापलेलं असताना कॅप उघडू नका.

यानंतर थर्मोस्टॅट. "आपल्याकडे गरम हवा, लागत नाही" म्हणून तो काढून टाकण्याची सवय इथे फार आहे आणि ती चुकीची आहे. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा पोहोचतं, डिझेल जास्त खातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर बायपास उघडा राहून पाणी रेडिएटरला वळसा घालून जातं आणि गाडी उलट जास्त तापते. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यासोबत गरम करा आणि त्यावर कोरलेल्या तापमानाला, बहुधा 82 अंशांच्या आसपास, तो उघडायला लागतो का ते बघा.

रेडिएटर आतून तुंबलाय का हे इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन मिनिटांत कळतं. गरम इंजिन चालू ठेवून जाळीवर वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे माप घ्या. मधेच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत, आणि रेडिएटरवाल्याला तोच पट्टा दाखवायचा. हे सगळं ठीक असूनही पाणी कमी होत असेल तर हेड उतरवण्याआधी रेडिएटरच्या तोंडाशी लावायच्या निळ्या द्रवाची चाचणी मागा. ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर निळं द्रव पिवळं पडतं. हेड उतरवलंच तर ते मशीन शॉपमध्ये सपाटीला तपासून घ्या. नुसतं नवं पॅकिंग वाकड्या हेडवर लावलं तर तेच काम पुन्हा निघतं.

पेट्रोल गाड्या

एमिशन टेस्टची चिठ्ठी हे फुकटात मिळणारं निदान आहे. सर्टिफिकेट घेऊन खिशात टाकू नका, आकडे वाचा. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त म्हणजे मिश्रण दाट: चोक अडकलेला, फ्लोटची पातळी चढलेली किंवा एअर फिल्टर तुंबलेला. सीओ ठीक आणि एचसी (न जळलेलं इंधन) भरमसाट, तर एखादा सिलिंडर मिसिंग करतोय: प्लग, प्लगची वायर, पॉइंट किंवा व्हॉल्व्ह. बीएस-2 या प्रदूषण मानकाच्या आधीच्या चारचाकीला सीओची मर्यादा 3 टक्के आणि एचसीची 1500 पीपीएम आहे. ट्यूनिंगच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन चिठ्ठ्या घेतल्या की मिस्त्रीचं काम कागदावर दिसतं.

पॉइंटच्या (ठिणगीसाठी वीज तोडणारे-जोडणारे संपर्क असलेल्या) गाड्यांत त्यांची फट साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर ठेवतात, तीही फीलर गेजनेच. तापल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने सुरू होणारी गाडी कार्ब्युरेटरवाल्याकडे नेण्याआधी कंडेन्सर आणि कॉइल बदलून बघण्यासारखी असते. नकली कंडेन्सर बाजारात इतके आहेत की चालू असलेला जुना कंडेन्सर फेकू नका, डिकीत ठेवा.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यातलं पुष्कळसं इथेनॉल आपल्याच उसाच्या पट्ट्यातून जातं. पण जुन्या गाड्यांचे रबर या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. नळ्या फुगतात किंवा तडकतात, कार्ब्युरेटरचं पॅकिंग आखडतं, मिश्रण थोडं पातळ होतं आणि गार इंजिन रेस घेत नाही. पावसाळ्यात महिना-महिना उभी राहणारी गाडी असेल तर इथेनॉल ओलावा शोषतं आणि टाकीच्या तळाशी पाणी वेगळं बसतं. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या दर्जाच्या घाला, आणि बराच काळ उभी राहणाऱ्या गाडीच्या टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करावी लागेल.

पैसे आणि कागद

गाडी सोडताना असं बोला: "मिस्त्री, आधी नुसता दोष शोधा. त्याचे पैसे मी वेगळे देतो. काय सापडलं ते मला दाखवा, मग पुढचं ठरवू." रक्कम आधी ठरवा, दोष सापडला नाही तरी ती द्या. तोंडी ठरलेलं असलं तरी काय करायचं ठरलं त्याची चिठ्ठी लिहून तिचा फोटो काढा. बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा. जुनी रिंग, जुनं बेअरिंग, घासलेली क्लच प्लेट हातात आली की दुसऱ्या जाणकाराला दाखवता येते, आणि निदान बरोबर होतं की नाही ते कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदलू द्या. तीन पार्ट एकदम बदलले आणि गाडी सुधारली तर दोष कशात होता ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचे पैसे जातात.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी ब्रेक, स्टेअरिंगचा खेळ, चासीचा गंज आणि एमिशन एवढं मिस्त्रीकडून बघून घ्या, म्हणजे आरटीओत गाडी परत पाठवायची वेळ येत नाही. चासी बघताना हातोडीने हलके ठोके मारायला सांगा: धडधाकट पत्रा खणखणीत वाजतो, गंजून पोखरलेला बद्द. इंजिन करण्याऐवजी "भंगारातलं चालू इंजिन बसवून देतो" असा सल्ला मिळाला तर त्या इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीचे कागद आधी हातात घ्या. इंजिन बदललं की नवा नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागतो. ते राहिलं तर विम्याच्या दाव्यात आणि नूतनीकरणात गाडी तिथेच अडकते.